हे दिसणार आहे का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी नकाशा घेऊन उभी होते. शेडमधल्या सगळ्यांत जुन्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. मामांनी नकाशा लोखंडी टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार नट ठेवले आणि बीम जिथे खांबाला मिळतो तिथे बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ह्यो जॉइंट दिसणार हाय का झाकायचा?" मी म्हटलं, दिसणार. सगळंच दिसणार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ नकाशा पाहिला आणि म्हणाले, "मग परत काढून आणा. ह्यात बोल्ट कुठल्या अंगानं आवळायचा त्येच कळंना."

नकाशा परत आणला, पुन्हा काढला. पुढच्या पाच महिन्यांत असे अनेक नकाशे परत आले आणि पुन्हा काढले गेले. हे पुस्तक त्या पुन्हा काढलेल्या नकाशांचं आहे.

पुस्तकातलं घर एकच. प्लॉट ३० बाय ४० फुटांचा, गल्ली इतकी अरुंद की क्रेन आत येत नाही. घरात पाच माणसं: नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. घरातले दादा स्वतः टर्नर, उद्यमनगरात त्यांच्या दोन लेथ आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलेली मागणी मी वहीत जशीच्या तशी उतरवून ठेवली: "आमच्या शॉपसारखं घर पायजे. उजेड भरपूर, हत्यार हाताशी, आणि झाडलं की स्वच्छ." 'इंडस्ट्रियल' घर हवं म्हणून माझ्याकडे बरेच जण आले आहेत, आणि बहुतेकांनी फोनवरची चित्रं पुढे केली आहेत. रोज दहा तास कारखान्यात उभं राहणाऱ्या माणसाने कारखान्यासारखं घर मागितलं, असं मात्र एकदाच घडलं. त्यांच्या मागणीत रंग नव्हता, पोत नव्हता, दिव्यांचा आकार नव्हता. काम कसं चालतं एवढंच होतं.

इंडस्ट्रियल हा शब्द आपल्याकडे चित्रांतूनच आला. त्या चित्रांचं मूळ न्यूयॉर्कच्या सोहो भागात सापडतं. तिथल्या ओतीव लोखंडाच्या दर्शनी खांबांच्या जुन्या इमारतींमधून कारखाने आणि गोदामं निघून गेली आणि १९६०च्या दशकात चित्रकार, शिल्पकार त्या रिकाम्या मजल्यांवर राहू लागले. भाडं कमी, छत उंच, खिडक्या मोठ्या. तिथे राहणं कायद्यात बसत नव्हतं; १९७१मध्ये कलावंतांना तशी मुभा मिळाली. पाइप उघडे होते, कारण ते झाकायला कुणाकडे पैसे नव्हते आणि झाकण्याची गरजही कुणाला वाटत नव्हती. त्या उघडेपणाची पुढे फॅशन झाली, आणि आज आपल्या शहरांत प्लास्टरच्या चांगल्या भिंतीवर विटांचं चित्र असलेला कागद चिकटवला जातो, कशालाही न जोडलेले पाइप छताखालून फिरवले जातात. हे मला मनापासून खटकतं. ज्या हातांनी घर उभं राहिलं त्यांचा मागमूसही अशा भिंतीत उरत नाही.

शिवाय कारखान्याशी बांधलेलं घर महाराष्ट्राने सोहोच्या कितीतरी आधी पाहिलं आहे. मुंबईत नायगाव, वरळी, शिवडी, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात काँक्रीटमध्ये उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्यात गिरणी कामगाराचं अख्खं कुटुंब, वर गावाहून आलेला भाचा नाहीतर पुतण्या. पोटमाळा, खुंट्या, भिंतीतलं फडताळ, दिवसा गुंडाळून उभी केलेली वळकटी, रात्री गॅलरीत पडणारी अंथरुणं. 'कॉम्पॅक्ट'चा आपल्याकडचा सगळ्यांत सखोल अभ्यास त्या खोल्यांमध्ये, नाइलाजाने झाला. जानेवारी १९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि काही ठिकाणी धुराडं तेवढं शोभेला राहिलं. गिरणीचं रूप घ्यायचं आणि गिरणीतल्या माणसाच्या खोलीने शिकवलेलं विसरायचं, हे मला जमणारं नाही. म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण चाळीतल्या एका खोलीच्या मोजमापांचं आहे. वाचकांनी ते ओलांडून पुढे जाऊ नये अशी विनंती.

बाहेरच्या जगातली तीन घरं मात्र मी काम करताना सतत जवळ ठेवली.

पहिलं पॅरिसचं, १९२८ ते १९३२ या काळात झालेलं 'मेझाँ द व्हेर', म्हणजे काचेचं घर. एका डॉक्टरांना जुनी इमारत पाडून कुटुंबासाठी घर आणि दवाखाना बांधायचा होता, पण सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या वृद्ध भाडेकरूने जागा सोडायला नकार दिला. तेव्हा पिएर शारो आणि बर्नार्ड बायफूट यांनी तो वरचा मजला पोलादी खांबांवर तोलून धरला आणि त्याच्या पोटात तीन मजल्यांचं नवं घर घातलं. ते खांब अजून खोल्यांच्या मधोमध उभे आहेत, रिव्हेटसकट. या घराचं लोखंडकाम लुई दाल्बे नावाच्या कारागिराने केलं, आणि घराच्या दर्शनी भागावर वास्तुकारांच्या नावांबरोबर त्याचंही नाव कोरलेलं आहे. आपल्याकडे कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव असतं, बिल्डरचं असतं. लोहाराचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.

दुसरं लॉस एंजेलिसचं, चार्ल्स आणि रे ईम्स यांचं १९४९चं घर. 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' मासिकाने युद्धानंतरच्या घरांसाठी जी मालिका सुरू केली होती तिच्यातलं हे आठवं. खिडक्या, दारं, पत्रे, जाळीचे बीम, सगळं कारखान्यांच्या कॅटलॉगमधून निवडलेलं. सांगाडा पाच माणसांनी सोळा तासांत उभा केला असं सांगतात. पहिला आराखडा त्यांनी बाजूला ठेवला आणि मागवलेल्या पोलादातून अधिक जागा कशी सामावेल याचा नव्याने विचार केला. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण साहित्य हातात आल्यावरही विचार बदलण्याची तयारी त्यात आहे. हेच दांपत्य १९५८मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आलं, आणि त्यांच्या अहवालातून पुढे १९६१मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. कारखान्यातल्या भागांचं घर बांधणाऱ्या या दोघांना इथे सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल, तर आपला तांब्या, लोटा. त्यात किती पाणी मावतं, तो कमरेवर कसा बसतो, ओतताना कसा तोलतो, आतून घासता येतो की नाही, असा विचार त्यांनी त्या साध्या भांड्याबद्दल केला. टर्नर दादांची मागणी मला त्याच जातीची वाटली.

तिसरं लंडनचं, हॅम्पस्टेडमधलं मायकेल आणि पॅटी हॉपकिन्स यांचं १९७६चं घर. आमच्या घराच्या सगळ्यांत जवळचं हेच, कारण त्यात तीन मुलं वाढली आणि बरोबर त्यांचं ऑफिसही चाललं. बारा मीटर बाय दहा मीटरचा दुमजली डबा, चार मीटर बाय दोन मीटरची जाळी, हातात मावतील इतके बारीक चौकोनी खांब. रस्त्यावरून एका छोट्या पुलावरून थेट वरच्या मजल्यावर शिरायचं. खोल्यांच्या मध्ये भिंतीऐवजी बऱ्याच ठिकाणी पट्ट्यांचे पडदे. हे शेवटचं मी घेतलं नाही. आमच्या घरात पहाटे आजींची पूजा असते, मुलीची दहावी आहे आणि गणपतीत दहा माणसं मुक्कामाला येतात. पडद्याने नजर अडते; घंटेचा आवाज, फोडणीचा ठसका आणि रात्रीचा खोकला अडत नाही. दार ही या घरातली चैन नव्हती.

आता आमच्या घराकडे येते. घराची रुंदी सहा मीटर का, याचं उत्तर लोखंडाच्या दुकानात आहे. चौकोनी पाइप सहा मीटरच्या लांबीत मिळतो, आय-बीम साधारणपणे बाराच्या. रुंदी सहाची ठेवली की बाराच्या बीमचे दोन तुकडे होतात आणि भंगारात काही जात नाही. साडेसहा ठेवली असती तर प्रत्येक बारा मीटरमागे साडेपाच मीटरचा बिनकामाचा तुकडा उरला असता. २५० मिलिमीटर उंचीच्या बीमचं वजन मीटरला ३७ किलोच्या आसपास, म्हणजे सहा मीटरचा एक बीम सव्वादोनशे किलोंचा. क्रेनविना, चेनपुलीवर, पाच-सहा माणसं तो सावकाश वर नेऊ शकतात. त्यामुळे गल्लीची रुंदीही नकाशात उतरली. खांबांमधलं अंतर सात फूट आलं, कारण एका सात फुटात जिना बसतो, एका सात फुटात मोरी आणि संडास शेजारी शेजारी बसतात, आणि सात फुटांत आडवा पलंग घातला तरी माणूस वळसा घालून जाऊ शकतो. छोट्या घरात शिस्त अशी खालून, वस्तूंच्या मापांतून यावी लागते.

उघडं ठेवायचं म्हणजे आधी ठरवायचं. हे मला माझ्या पहिल्या घराने शिकवलं. तिथे स्लॅबचा तळ उघडा ठेवायचा होता. सेंट्रिंगला नवं प्लाय, सांधे सरळ रेषेत, सळईखाली कव्हर ब्लॉक मोजून, व्हायब्रेटर धरायला अनुभवी माणूस. काँक्रीट सुंदर उतरलं. आणि मग लक्षात आलं की जेवणाच्या जागेवर पंख्याचा बॉक्स टाकायचा राहिला आहे. चूक माझी होती; विजेच्या नकाशावर ते वर्तुळ मीच काढलं नव्हतं. प्लास्टरच्या घरात भिंत फोडून, पाइप टाकून, पुन्हा लिंपून ही चूक दोन दिवसांत पुसली जाते. तिथे मात्र स्लॅबच्या तळावरून लोखंडी पाइप आडवा फिरवावा लागला आणि तो आजही तसाच आहे. घरमालक कधी काही बोलले नाहीत. मी तिथे गेले की जेवताना वर पाहत नाही.

प्लास्टर हा मोठा क्षमाशील थर आहे. वाकडी वीट, तिरकी रेघ, विसरलेली वायर, सगळं तो पोटात घालतो. तो काढला की सगळ्यांचीच कामं उघडी पडतात: गवंड्याचं, वायरमनचं, प्लंबरचं, आणि सगळ्यांत आधी माझं. म्हणून उघडं घर स्वस्त पडतं हा समज सोडून द्यावा. प्लास्टर आणि रंगाचे वाचलेले पैसे निवडक विटेत, दुप्पट सावकाश चालणाऱ्या बांधकामात आणि ग्राइंडरच्या तासांत जातात. फरक एवढाच की पैसे कुठे गेले ते पुढची पन्नास वर्षं डोळ्यांना दिसत राहतं.

भिंतींसाठी आम्ही रॅट-ट्रॅप बॉण्ड घेतला. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये तो रुजवला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात गवंडी वैतागले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच एक फळी कापून मसाला पोकळीत पडू नये अशी जुगत केली. तिचं चित्र पुस्तकात आहे. भिंत आणि पोलाद जिथे भेटतात तिथे मात्र दोघांना एकमेकांपासून थोडं सुटं ठेवावं लागतं. सहा मीटरचा पोलादी बीम तापमानात तीस अंशांचा फरक पडला की दोन मिलिमीटरने लांब होतो. वीट तेवढी हलत नाही. दोघांना सिमेंटने घट्ट बांधलं तर पहिल्याच उन्हाळ्यात भेग पडते.

उजेडाचं प्रकरण मी सगळ्यांत आनंदाने लिहिलं. इचलकरंजीच्या बाजूला जुन्या कापडाच्या शेडचं करवतीच्या दातांसारखं छप्पर अनेकांनी पाहिलं असेल. दातांची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला, म्हणजे दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड. हीच युक्ती वरच्या मजल्यावर आणायची ठरली. पण ही युक्ती इंग्लंडातून आली आहे, आणि आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दुपारी तो इतका उंच असतो की हातभर छज्जा पुरतो; त्रास सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचा. मेमध्ये ते उत्तरेच्या काचेतून सरळ आत शिरतं. म्हणून काचेच्या पुढे उभ्या पट्ट्या आल्या. त्यांची खोली आणि अंतर ठरवायला आम्ही पुठ्ठ्याचं मॉडेल करून गच्चीवर उन्हात ठेवलं होतं. दादांच्या मुलीने तीन रविवार त्याची सावली तासातासाला पेन्सिलने आखली. ते कागद पुस्तकात आहेत.

छपरावर नुसता पत्रा टाकायचा नाही, हे मी पूर्वीच्या एका घरातून शिकले होते. तिथे जुलैत घरातल्या आजोबांना शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. इथे पत्र्यांच्या मध्ये फोमचा थर असलेलं पॅनेल आहे. आवाज पूर्ण जात नाही, पण पाऊस पडतोय एवढंच कळतं, बोलणं बुडत नाही.

आणि पाऊस म्हटला की धुणं. परदेशी पुस्तकांत ओल्या कपड्यांचं चित्र मला कधी दिसलं नाही. पाच माणसांचं रोजचं धुणं, त्यात मुलांचे युनिफॉर्म, आजींची नऊवारी, दादांचे तेलकट कपडे वेगळे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ते वाळणार कुठे? छोट्या घरात हा प्रश्न नकाशावर सोडवला नाही तर चार महिने बैठकीच्या खोलीत दोऱ्या असतात, आणि मग उघड्या विटांचं सौंदर्य ओल्या चादरींमागे जातं. आम्ही जिन्याच्या वरचा सात फुटांचा भाग वाळवणाला दिला. खालची गरम हवा जिन्यातून वर चढते आणि वरच्या जाळीतून बाहेर पडते, जाताजाता कपडे वाळवते. नऊवारी घडी न करता एका फेऱ्यात पसरावी म्हणून पाइपची लांबी आजींना विचारून ठरवली. या जागेला नकाशात नाव काय द्यायचं असा प्रश्न आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "वाळवण लिहा की." पुस्तकातला सगळ्यांत तपशीलवार छेद या वाळवणाचा आहे, आणि माझ्या मते घरातली सगळ्यांत चांगली जागाही तीच.

जिन्यासाठी मला गोल लोखंडी जिना फार आवडला असता. जागा वाचते, दिसतोही छान. पण तो आजींच्या गुडघ्यांना चालणारा नव्हता. दहा फुटांच्या मजल्याला सात इंचांच्या सतरा पायऱ्या लागतात, आणि सरळ जिन्याला तेरा-साडेतेरा फूट लांबी. ती दिली. पायरीच्या मागची फट बंद केली, चेकर्ड प्लेटऐवजी लाकडी फळ्या टाकल्या, आणि जिन्याखालची जागा गॅस सिलेंडर सोडून बाकी सगळ्याला लावली.

गंजाबद्दल पुस्तकात एक छोटं प्रकरण आहे. ते कंटाळवाणं वाटेल, तरी वाचावं. पोकळ पाइपची तोंडं वेल्ड करून पूर्ण बंद करा, नाहीतर गंज आतून खात जातो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. खांबाचा पाय फरशीच्या वर काँक्रीटच्या चौथऱ्यावर ठेवा, कारण आपण फरशी पाणी ओतून धुतो. कोकणात किंवा गोव्यात बांधणाऱ्यांनी हे दुप्पट काळजीने करावं. आणि उघड्या पोलादाला आग सोसत नाही. साडेपाचशे अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते, म्हणून स्वयंपाकघराजवळचे खांब आम्ही विटांच्या आत घेतले. सगळं उघडं ठेवायचं असं मी मामांना सांगितलं होतं. त्यांना दिलेला तो शब्द इथे मोडला.

घर उभं राहत असताना आजी आठवड्यातून एकदा येत. खुर्चीवर बसत, फारसं बोलत नसत. सांगाडा पुरा झाला त्या दिवशी त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "एवढा दणकट बार हाय, झोपाळा टांगता येईल का?" नकाशात झोपाळा नव्हता. रंग अजून लागला नव्हता, म्हणून जमलं; रंगानंतर वेल्डिंग केलं असतं तर आजूबाजूचा सगळा रंग जळाला असता. मी रात्री हिशोब केला: दोन मोठी माणसं, झोक्याचा जोर, शिवाय मुलं. दुसऱ्या दिवशी मामांनी बीमच्या तळाला, बरोबर मधल्या उभ्या पट्टीच्या रेषेत, दोन जाड प्लेट वेल्ड केल्या आणि त्यात कड्या बसवल्या. ग्राइंडर फिरवून झाला तरी ते शिडीवरून उतरेनात. कानस घेऊन प्लेटच्या कडा गोल करत राहिले. नऊ फुटांवर हात कुणाचा पोचणार आहे, मी खालून म्हटलं.

"पोरं पोचत्यात," ते म्हणाले, आणि कानस चालवत राहिले.